येणेकरी भुतं आणि भुकेली भुतं

आमच्या वाचनालयात भयकथांसाठी वेगळं कपाट नाही. कथा-कादंबऱ्यांच्या रांगेत लेखकाच्या आडनावाप्रमाणे त्या इकडेतिकडे विखुरल्या आहेत. पण देवघेवीच्या टेबलाशी बसून माझी इतकी वर्षं गेली आहेत की कुठलं पुस्तक किती वाचलं जातं हे मला त्याच्या पाठीवरून कळतं. नारायण धारपांपाशी आलं की पाठी सुटलेल्या, कोपरे झिजलेले, तारीखपट्टीवर पट्टी डकवून आतला पुठ्ठा जाड झालेला. पावसाळ्यात इथे कागद फुगतो, खळीला बुरशी येते, डांबरगोळ्या ठेवूनही कसर लागते. धारपांच्या पुस्तकांना मात्र कसर फार कमी लागते. कसर लागायला पुस्तक बरेच दिवस एका जागी पडून राहावं लागतं.

या पुस्तकांबद्दल पालकांची तक्रार ठरलेली असते. ‘पोरांना असलं काही देत जाऊ नका, डोक्यात भुतंखेतं बसतात, अंधश्रद्धा वाढते.’ ही काळजी खोटी नाही. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला होता, आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो त्यांच्या मागे आला. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं, करणी करतो असा आळ घेऊन एखाद्याचं जगणं मुश्कील करणं हे आज गुन्हे आहेत. या कायद्याच्या बाजूने मी उभी आहे आणि तरीही सातवी-आठवीच्या मुलांना भुताची पुस्तकं हातात देते. कथेतलं भूत आणि भगताने दाखवलेलं भूत यांतला फरक मुलांना कळतो. भगत सांगतो, यावर विश्वास ठेव आणि मी सांगतो ते कर. पुस्तक काहीच करायला सांगत नाही, उलट विचार करायला वेळ देतं. आणि एकदा मूल विचार करायला लागलं की मी त्याला एक प्रश्न विचारते : हे भूत आलं कशाला?

या प्रश्नाची मला आजवर दोनच खरी उत्तरं मिळाली आहेत. काही भुतं येणेकरी असतात, त्यांचं आपल्याकडे काही राहिलेलं असतं. काही भुतं नुसती भुकेली असतात.

आपली जुनी, गावची भुतं बहुतेक सगळी येणेकरी. कोकणातल्या भुतांची एक जुनी छापील यादी आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याने शाळामास्तरांकडे प्रश्नावल्या पाठवून गावोगावच्या समजुतींची माहिती जमवली होती. डिसेंबर १९०९ मध्ये नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या जॅक्सनला अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या. इतिहासाच्या पुस्तकात तो आपल्याला तेवढ्यापुरताच भेटतो. पण त्याच्या कागदांवरून एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने पुढे पुस्तकं तयार केली आणि त्यातला कोकणचा भाग १९१५ साली छापून निघाला. त्यातलं भुतांचं प्रकरण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती मला एखाद्या दप्तरातली मयतांची नोंद वाटली.

बघा ना. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा. गिऱ्हा पाण्यात बुडून गेलेला. समंध म्हणजे ज्याचं क्रियाकर्म करायला मागे कोणी उरलं नाही किंवा ज्याचा जीव पुरून ठेवलेल्या पैशात अडकला तो. जखीण सवाष्णपणी गेलेली, लावसट विधवा, हडळ आणि अलवंतीण बाळंतपणात किंवा विटाळात गेलेल्या. एकेका नावापुढे एकेक अर्धवट राहिलेलं आयुष्य आहे. म्हातारा होऊन, नातवंडं बघून, आपल्या अंथरुणात शांतपणे गेलेल्या माणसाचं भूत या यादीत शोधून सापडत नाही.

आमच्या एक सभासद बाई प्रसूतिगृहात परिचारिका होत्या. आता निवृत्त आहेत आणि भयकथांच्या पक्क्या वाचक आहेत. ही यादी मी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी त्यांच्या लहानपणचं सांगितलं : बाळंतीण गेली की तिच्या तिरडीमागून स्मशानापर्यंत बारीक दाणे फेकत जायचे. ती परत यायला निघाली तर दाणे वेचत बसेल आणि तिला घरी पोचायला उशीर होईल, अशी समजूत. मग त्या म्हणाल्या, ‘परत कशाला येईल हो? मूल पाळण्यात ठेवून गेलेली असते ती. दूध पाजायलाच येणार ना?’ हडळीच्या गोष्टी मी जन्मभर ऐकत आले होते, पण हे उत्तर मला कोणी दिलं नव्हतं.

या गोष्टींतली एक वाईट बाजूही सांगायला हवी. पुरुषाचं भूत पुष्कळदा गावाची राखण करतं. देवचार सीमेवर उभा राहतो. आरवलीच्या वेतोबाला तर भक्त केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. तो रात्री गावात फिरतो, म्हणून चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. बाईचं भूत मात्र जवळजवळ नेहमी कोणालातरी झपाटतं. आणि हे गोष्टीपुरतं राहिलेलं नाही. सातपुड्यात नंदुरबारकडे जिवंत बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या घटना आपल्या काळातल्या आहेत. म्हणून मुली असली पुस्तकं न्यायला आल्या की मी त्यांच्याशी हे मुद्दाम बोलते. पुस्तक काढून घेत नाही.

छापील मराठीत भूत फार लवकर आलं. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० सालची, म्हणजे मराठीत छापील पुस्तकं नुकती कुठे दिसू लागली होती तेव्हाची. पुढे कितीतरी पिढ्यांना हा वेताळ ‘चांदोबा’त भेटला. हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि निर्भयपणे चालणारा विक्रम हे शंकर यांचं चित्र ज्यांनी लहानपणी पाहिलं ते विसरलेले नाहीत. त्या वेताळाने राजाला कधी खाल्लं नाही. तो प्रश्न विचारतो, न्यायाची गुंतागुंत पुढ्यात ठेवतो आणि शेवटी कपटी साधूपासून राजाचा जीव वाचवतो. मुलांना पहिलं भूत द्यायचं तर मी हेच देते.

युरोपातला सगळ्यात प्रसिद्ध राक्षसही येणेकरीच, आणि त्याचा जन्मही भुताच्या पुस्तकातूनच झाला. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याची धूळ आकाशात इतकी पसरली की पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसामुळे घरात अडकलेली मंडळी जर्मन भूतकथांचं फ्रेंच भाषांतर मोठ्याने वाचत बसली आणि कवी बायरनने सुचवलं की प्रत्येकाने एकेक भूतकथा लिहावी. मेरी शेली तेव्हा १८ वर्षांची होती. तिचं ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ साली निघालं, त्यावर लेखिकेचं नाव नव्हतं. ज्यांनी फक्त सिनेमे पाहिलेत त्यांना वाटतं की फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव. ते त्याला घडवणाऱ्याचं नाव आहे. राक्षसाला नावच दिलेलं नाही. जन्मल्या क्षणी बाप त्याला टाकून पळतो. तो एका कुटुंबाच्या आडोशाला लपून, त्यांचं बोलणं ऐकत भाषा शिकतो. रानात त्याला एक पिशवी सापडते, तिच्यात मिल्टन, प्लुटार्क आणि गटे यांची पुस्तकं असतात. ती तो वाचतो, आणि वाचल्यामुळेच आपल्याला काय नाकारलं गेलं हे त्याला कळतं. ग्रंथपाल म्हणून मला हा भाग फार जवळचा आहे. माझ्या माहितीतला इतका एकाग्र वाचक दुसऱ्या कुठल्या कादंबरीत नाही.

१८९७ सालचा ड्रॅक्युला याच्या नेमका उलट. त्याचं कोणी काही देणं लागत नाही. त्याला रक्त हवं, बस्स.

आपल्याकडे हे भुकेलं भूत खऱ्या अर्थाने रुजवलं ते नारायण धारप यांनी. १९२५ मध्ये जन्मलेल्या आणि २००८ मध्ये गेलेल्या धारपांनी शंभरावर पुस्तकं लिहिली. परदेशी लेखकांकडून त्यांनी बरंच घेतलं, लव्हक्राफ्टकडून आणि नंतर स्टीफन किंगकडून. ‘लुचाई’ वाचून मग किंगची ‘सेलम्स लॉट’ वाचली तर आराखडा लगेच ओळखू येतो. यावरून धारपांना कमी लेखणारे मला भेटतात. त्यांना मी म्हणते, धारपांचं कुठलंही पान काढा आणि त्यातलं घर बघा. सोपा, माजघर, अडगळीची खोली, वाड्याच्या वाटणीचे कागद, कर्त्या माणसाचा तुसडेपणा, घरात आलेल्या नव्या सुनेचं बावरलेपण. हे कुठून उचलता येत नाही.

धारपांची रीत जवळून बघण्यासारखी आहे. सुरुवात अगदी साध्या, नेमक्या वाक्यांनी होते. माणूस शहाणासुरता असतो, नोकरीधंदा करणारा. त्याला काहीतरी जरासं खटकतं : वास, गारवा, खोलीतल्या एका कोपऱ्यातला जास्तीचा काळोख. तो स्वतःलाच समजावतो, कारणं शोधतो, आणि ती कारणं वाचकालाही पटतात. मग एकेक कारण निकामी होत जातं. भीती वाटते ती इथे, आपणही त्याच्याजागी असाच विचार केला असता म्हणून. जे पलीकडून येतं त्याला आपल्याशी वैर नसतं, माया नसते, त्याचं काही येणंही नसतं. त्याला शांत करायला कुठलाही विधी उपयोगी पडत नाही. गावच्या भुताला नारळ देऊन वाटेला लावता येतं, धारपांच्या भुताला नाही. शहरात एकेकट्या बिऱ्हाडांत राहायला गेलेल्या मराठी माणसाला या भीतीची ओळख पटली असणार, असं मला वाटतं. गावाची शीव आणि तिचा राखणदार मागे राहिले होते.

ती पोकळी धारपांनी ‘समर्थ’ हे पात्र आणून भरली. अप्पा जोशींना बरोबर घेऊन समर्थ येतात आणि दुष्ट शक्तीचा बंदोबस्त करतात. आमच्याकडे समर्थकथांना कायम मागणी असते, विशेषतः वयस्कर वाचकांची. माझं मत मात्र असं की समर्थ दारात आले की भीती संपते. धारप खरे मोठे आहेत ते जिथे माणूस एकटाच उरतो तिथे. ‘आजी’ ही कथा तशी. घरात एक मूल आणि म्हातारी आजी, दुसरं कोणी नाही. तिचं मूळही किंगच्याच एका कथेत आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना ती धारपांची म्हणून नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने तोंडी सांगितली, आणि त्यातून पुढे २०१८ चा ‘तुंबाड’ उभा राहिला. सिनेमाने नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. अमेरिकेतली कथा पुण्यातल्या लेखकाकडे, तिथून विदर्भातल्या जंगलात आणि अखेर कोकणच्या पावसात पोचली. तो सिनेमा आल्यावर आमच्याकडे कॉलेजची मुलं धारप मागायला आली. त्यातली काही अजून येतात.

रत्नाकर मतकरींनी तिसरंच काही केलं. त्यांच्या गूढकथांमध्ये येणेकरी परत आला, पण तो पिंपळावर बसत नाही, घरातच राहतो. कोणीतरी कोणाला तरी फसवलेलं असतं, दुर्लक्षलेलं असतं, जाच केलेला असतो आणि ते उलटून येतं. कथा लहान, आणि सगळा भार शेवटच्या वाक्यांवर. ‘गहिरे पाणी’ हे नाव टीव्हीवरच्या मालिकेमुळे माझ्या पिढीला पाठ आहे. याच मतकरींनी मुलांसाठी ‘निम्मा शिम्मा राक्षस’ आणि ‘अलबत्या गलबत्या’ लिहिलं, ज्यात दिलीप प्रभावळकरांनी चेटकीण रंगवली. मुलांना हसत हसत घाबरवणं आणि मोठ्यांना गप्प करणं, दोन्ही एकाच लेखणीने. १७ मे २०२० ला कोरोनाने ते गेले, तेव्हा वाचनालय टाळेबंदीत बंद होतं. पुन्हा उघडल्यावर परिचारिकाबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांचा ‘खेकडा’ हा संग्रह नेला.

परिचारिकाबाईंच्याच आग्रहावरून आम्ही आता एक वही सुरू केली आहे. सभासदांनी आपल्या वाडीतली भुताची गोष्ट सांगायची आणि आम्ही उतरवून घ्यायची. जॅक्सनच्या मास्तरांनी केलं तेच, फक्त रकाने थोडे वेगळे आखले आहेत : जागा, काय दिसतं, ते माणूस कोण होतं, कसं गेलं, मागे कोण राहिलं. पहिले दोन रकाने भराभर भरतात. विहीर, वडाचा पार, खाडीचा उतार सगळ्यांना ठाऊक असतो. पुढच्या तीन रकान्यांसाठी त्या त्या वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जावं लागतं, कधी दोनतीन घरं फिरावी लागतात, आणि काही ठिकाणी जागा अजून कोऱ्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर यातल्या पूर्ण झालेल्या गोष्टी, माणसांची नावं बदलून, शाळेच्या मुलांसमोर वाचायच्या असं ठरलं आहे. वाचणार परिचारिकाबाई. पहिली कुठली घ्यायची यावर आमचं अजून एकमत नाही; त्यांना बाळंतिणीची हवी आहे, मला खाडीत बुडालेल्या खलाशाची.