सॉफ्टवेअर मोफत, पण समजावणार कोण?

ओआरएसच्या मोठ्या पाकिटावर ‘एक लिटर पाण्यात मिसळा’ असे स्पष्ट छापलेले असते. तरीही काही घरांत ते पेलाभर पाण्यात ढवळले जाते. द्रावण घट्ट होते, त्यातले मीठ प्रमाणाबाहेर जाते आणि जुलाबाने आधीच सुकलेल्या बाळाला उलट अपाय होऊ शकतो. औषध चांगले, सूचनाही बरोबर. पण घरात लिटरचे माप नसेल तर काय करायचे, हे लिहिणाऱ्याला सुचलेले नसते. जाणकाराला जी पायरी दिसतच नाही, नेमकी तिथेच नवखा घसरतो.

संगणकाच्या भाषांचेही तसेच आहे. गुइडो व्हॅन रोसम यांनी 1991 मध्ये खुली केलेली पायथॉन ही भाषा मोफत आहे. साथीचे आलेख काढण्यापासून एक्स-रेमधील क्षयाच्या खुणा टिपण्यापर्यंत तिचा उपयोग होतो. वाशिम तालुक्यातील अनसिंगमध्ये बसूनही ती उतरवून घेता येते. अडचण पुढे येते. समजा, तिथल्या एखाद्या मुलीने जुन्या पुस्तकातली पहिलीच ओळ जशीच्या तशी टंकित केली. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘प्रिंट’ या आज्ञेनंतर कंस लागतो, दुसरीत तो नसला तरी चालत असे. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल 1 जानेवारी 2020 पासून थांबली, जुने धडे मात्र फिरतच राहिले. पडद्यावर इंग्रजीत चूक दाखवली जाते आणि मुलीला वाटते, आपल्यालाच काही येत नाही. मुदत संपलेली गोळी देऊन रुग्णालाच दोष द्यावा, त्यातलाच हा प्रकार!

मुंबईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने यावर साधा उपाय शोधला. सुमारे दहा मिनिटांचा एकेक पाठ. पडद्यावरचे शब्द इंग्रजीच, कारण नोकरीत तेच दिसणार. निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत. पाठ थांबवायचा, शेजारच्या खिडकीत तेच करून पाहायचे, मग पुढे जायचे. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी पाठांची वेगळी मालिका झाली. पण यातली सर्वांत मोलाची गोष्ट पडद्यावर दिसत नाही. पाठाची संहिता ध्वनिमुद्रणाआधी एका नवख्याकडून तपासून घेतली जाते. तो जिथे अडेल तिथे संहिता बदलायची, नवख्याला बदलायचे नाही. रुग्णांसाठीची किती माहितीपत्रके छापण्याआधी अशी एखाद्या आजीला वाचून दाखवली जातात?

हीच पद्धत पुढे आरोग्यासाठी वापरली गेली. आयआयटीतीलच डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली स्तनपान आणि पोषणाचे पाठ तयार झाले. ‘बाळाला नीट पाजा’ एवढ्याने आईला काहीच कळत नाही. बाळाचे तोंड मोठे उघडू द्यावे, नुसते बोंड नव्हे तर त्याभोवतीचा काळा भागही, विशेषतः खालचा, तोंडात जावा, हनुवटी स्तनाला टेकावी, हे दाखवावे लागते. पकड उथळ राहिली तर आईला जखमा होतात, बाळाला दूध कमी मिळते आणि त्याचे वजन रखडते.

या पाठांबद्दल शंका विचारताना नेमके कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला अडले तेही नोंदवता येते. अनसिंगच्या त्या मुलीने तेवढे दोन आकडे आणि एक ओळ मराठीत लिहून पाठवली, तरी पाठ कुठे दुरुस्त करायचा ते कळेल.