स्वरलिपीबाहेरची संगत
कानाने शिकलेल्या भजनकऱ्यांबरोबर वाजवताना शिकलेल्या वादकाला काय विसरावे लागते आणि काय नव्याने शिकावे लागते?

बारामतीहून इंदापूरच्या दिशेने निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी आषाढी वारीत काटेवाडीला येते. परीट समाजातील मंडळी पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात, पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण धावते आणि हा सोहळा पाहण्यासाठी पंचक्रोशी लोटते. कॅमेऱ्यांचे सारे लक्ष मेंढ्यांकडे असते. मात्र त्या गर्दीत कान उघडे ठेवून उभे राहणाऱ्याला आणखी एक नवल जाणवते. दिंडीतले सगळे टाळ एकाच क्षणी पडतात, मृदंगाची थाप पावलांशी जुळलेली असते आणि एका रांगेने उचललेला अभंग समोरची रांग अचूक झेलते. समोर ना वही असते, ना हाताने मात्रा दाखवणारा कोणी. या वादक-गायकांतील कितीतरी जणांनी स्वरलिपी कधी वाचलेली नसते. त्यांचे सारे शिक्षण कानावाटे झालेले असते.

शहरातील संगीतवर्गात परीक्षा देऊन तयार झालेला पेटीवादक किंवा तबलावादक जेव्हा अशा भजनात साथीला बसतो, तेव्हा त्याची पंचाईत होते. अभंग कोणत्या रागात आहे, मात्रा किती, सम कुठे, असे प्रश्न तो विचारतो. समोरून उत्तर येते, 'तुम्ही ऐका, सापडेल.' हे उत्तर टाळाटाळीचे वाटते. पण त्या परंपरेतले सगळे शिक्षण त्या दोन शब्दांत सामावलेले असते. हे न ओळखता पेटी पुढे ओढणारा वादक भजनात शिरतो खरा, पण भजनाचा होत नाही.

चाल म्हणजे नेमके काय?

भजनी मंडळींच्या बोलण्यात 'राग' हा शब्द क्वचित येतो. 'चाल' हा शब्द मात्र वारंवार येतो. चाल म्हणजे केवळ एका गाण्याची धून नव्हे. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र धून असती, तर त्या लक्षात ठेवणे कोणालाही शक्य झाले नसते. अभंगाच्या छंदाने हा प्रश्न सोडवला आहे. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत अनुक्रमे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे येतात; लहान अभंगाचे दोन चरण साधारणपणे आठ-आठ अक्षरांचे असतात. एकदा हा साचा कानात बसला, की त्या साच्याची एक चाल शेकडो अभंगांना चालते. गाथेत 'ध्रु.' अशी खूण असलेली ओळ पुन्हा पुन्हा घेतली जाते आणि त्या ओळीवर सारा समुदाय एकत्र येतो.

म्हणजेच ज्याला आपण 'शास्त्र न शिकलेला' म्हणतो, तो भजनकरी शब्द आणि सूर वेगळे काढू शकतो, एका अभंगाची चाल दुसऱ्याला लावू शकतो, एखादे अक्षर वाढले तर ते कुठे दाबायचे आणि कमी पडले तर कुठे लांबवायचे, हे क्षणात ठरवू शकतो. हे शास्त्रच आहे. फक्त त्याची पुस्तकी नावे त्याच्यापाशी नाहीत. त्याच्या परिभाषेत चाल 'लावतात', अभंग 'उचलतात' आणि 'झेलतात', ठेका 'धरतात' आणि 'सोडतात'. ही सारी क्रियापदे हातापायांची आहेत, हा योगायोग नाही. हे ज्ञान चालता चालता, वाजवता वाजवता आलेले आहे.

तीन अडचणी

शिकलेल्या वादकाची पहिली अडचण पट्टीची असते. पेटी असलेल्या भजनात 'काळी चार', 'पांढरी पाच' अशी पट्टी ठरवता येते. चालत्या दिंडीत पेटी नसते. वीणा, टाळ आणि मृदंग एवढाच संच असतो. अभंग उचलणारा आपल्या गळ्याला सोसेल त्या सुरावर सुरुवात करतो आणि उत्साह वाढत जाईल तसा सूर हळूहळू वर सरकतो. त्यातच आषाढातला पाऊस. दमट हवेत मृदंगाचे चामडे सैल पडते आणि त्याचा सूर उतरतो. ठरलेल्या पट्टीला चिकटून राहणाऱ्याला हा सारा प्रकार बेसूर वाटू लागतो. मुरलेला भजनकरी मात्र पट्टी शोधत बसत नाही. शेजारच्याचा आवाज हाच त्याचा षड्ज असतो.

दुसरी अडचण लयीची. शास्त्रीय तालशिक्षणात लय ठरवून वाढवली जाते. दुगुन, चौगुन असे तिचे हिशेब असतात. भजनी ठेका मोजायचा तर आठ मात्रांचा. पण प्रत्यक्षात त्याची लय हिशेबाने वाढत नाही. संथ सुरू झालेला अभंग पावली खेळणाऱ्यांच्या पायांबरोबर चढत जातो, एका टोकाला पोहोचतो आणि पुन्हा खाली येतो. लय कधी वाढवायची याचा निर्णय कोणी एक जण घेत नाही. मृदंग वाजवणारा टाळकऱ्यांकडे पाहतो, टाळकरी त्याच्या हाताकडे पाहतात आणि दोघेही गाणाऱ्याच्या श्वासाचा अंदाज घेतात. मात्रा मनात मोजणारा वादक या बोलण्यात सामील होऊ शकत नाही. मोजण्यात गुंतलेले मन ऐकायला मोकळे राहत नाही, हे त्याचे साधे कारण.

तिसरी अडचण खुणांची. चाल बदलायची असेल, तर आधी सूचना मिळत नाही. हात किंचित वर जातो, मान वळते, टाळाचा आवाज क्षणभर कोंडला जातो आणि पुढच्या आवर्तनाला सगळे नव्या चालीवर असतात. या खुणा पुस्तकात छापता येत नाहीत. त्या माणसांच्या सहवासातच उमगतात. म्हणूनच मुलांना लहानपणी टाळ देऊन रांगेत उभे करणे, हाच या परंपरेतला प्रवेशवर्ग आहे.

लिपीचा उगमही कानातच

लिखित शिक्षण वरचे आणि कानाचे शिक्षण खालचे, अशी उतरंड आपल्याकडे फार जुनी नाही. मुंबईत जन्मलेले पं. विष्णु नारायण भातखंडे (1860-1936) हे पेशाने वकील. त्यांनी देशभर फिरून घराण्यांतील उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, त्यांना स्वरलिपी दिली आणि दहा थाटांची मांडणी केली. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीत सर्वसामान्यांच्या घरापर्यंत नेण्याचा मार्ग खुला केला. आज गावोगावी चालणारे संगीतवर्ग आणि परीक्षा या दोघांच्या ऋणात आहेत.

पण भातखंड्यांनी जे लिहून घेतले, ते ज्यांच्याकडून घेतले त्या उस्तादांनी कागदावरून शिकले नव्हते. गुरूसमोर बसून, तेच ते घोकून त्यांनी विद्या मिळवली होती. म्हणजे शास्त्राच्या पुस्तकाआधी कान होता. पुस्तक ही त्या कानाची नोंद आहे. नोंद उपयुक्त असते, पण ती मूळ वस्तूची जागा घेऊ शकत नाही. ख्याल शिकणाऱ्यालाही स्वरलिपीवरून बंदिशीचा सांगाडा कळतो. मींड आणि कणस्वर कळण्यासाठी गुरूपुढेच बसावे लागते. पखवाजाचे विद्यार्थी आजही बोल आधी तोंडाने म्हणतात आणि मग हातावर आणतात. तेव्हा 'शास्त्रोक्त' आणि 'ऐकीव' यांच्यात जेवढी मोठी भिंत मानली जाते, तेवढी ती प्रत्यक्षात नाही.

कुमार गंधर्वांचा धडा

या दोन वाटा एकत्र कशा येतात, याचे उत्तम उदाहरण पं. कुमार गंधर्व (1924-1992) यांचे. लहानपणी ते ध्वनिमुद्रिका ऐकून थोर गवयांचे गाणे हुबेहूब गात आणि श्रोते थक्क होत. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे त्यांनी शिस्तशीर शिक्षण घेतले. देवधर हे पलुस्करांचे शिष्य. क्षयरोगामुळे कुमारजींना देवास येथे अंथरुणाला खिळून राहावे लागले आणि काही वर्षे गाणे बंद झाले. त्या काळात माळव्यातील लोकगीते त्यांच्या कानावर पडत राहिली. त्या धुनांतून त्यांनी 'धुनउगम' राग घडवले.

रागशास्त्र अवगत असलेला हा गायक लोकगीताला दुरुस्त करायला गेला नाही. त्याने आधी ते ऐकले, त्यातील स्वरांची चाल ओळखली आणि मग आपल्या विद्येचा उपयोग केला. कानाने शिकलेल्यांबरोबर बसू पाहणाऱ्या प्रत्येक वादकासाठी हा क्रम महत्त्वाचा आहे: आधी ऐकणे, मग ओळखणे, वाजवणे सर्वांत शेवटी.

संगत करायची तर

हा क्रम प्रत्यक्षात आणायचा, तर काही साध्या गोष्टी पाळाव्या लागतात. भजनात नव्याने बसणाऱ्याने पहिले काही अभंग केवळ टाळ धरावा. टाळ हे सोपे वाद्य आहे असे वाटते. पण लय अंगात भिनवण्यासाठी त्याच्यासारखा शिक्षक नाही. पेटीवर बसल्यास ओळ आपण आधी वाजवून गाणाऱ्याला वाट दाखवण्याचा मोह टाळावा; गाणाऱ्याच्या मागे अर्धे पाऊल राहावे. पेटीचे स्वर पक्के असतात आणि गळ्याचे स्वर घसरत, लहरत जातात. अशा जागी मोजके सूर धरून ठेवणे हीच खरी साथ.

अडले तर 'हा कोणता राग?' असे विचारण्यापेक्षा 'ही ओळ पुन्हा म्हणता का?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने समोरचा माणूस संकोचतो, कारण त्याच्याकडे ते नाव नसते. दुसऱ्या प्रश्नाने तो खुलतो, कारण त्याच्याकडे ती ओळ असते. चाल आपल्याला ठाऊक असलेल्या रागाच्या नियमांत बसत नसेल, तर ती चूक समजून सुधारू नये. भजनातली चाल रागाच्या जवळून जाते, पण त्याची बांधील नसते. शिकलेल्या वादकांनी अशा 'दुरुस्त्या' केल्या, तर वेगवेगळ्या गावांच्या चाली एकाच ठशाच्या होतील आणि त्यांची ओळख पुसली जाईल.

कानालाही मर्यादा

याचा अर्थ लेखी शिक्षण निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. कानाने शिकलेल्या वादकाला अनोळखी पट्टीत वाजवणे, दुसऱ्या परंपरेतील कलावंतांशी बोलणे, आपल्याला येते ते दूरच्या विद्यार्थ्याला पोहोचवणे अवघड जाते. वारकरी संप्रदायानेही शिस्तबद्ध शिक्षणाची गरज फार पूर्वी ओळखली. विष्णुबुवा जोग यांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. पाठांतर आणि अभ्यास यांची सांगड घालणारी ती परंपरा आजही सुरू आहे.

कानाची सर्वांत मोठी मर्यादा मात्र वेगळीच आहे. जी चाल एकाच म्हाताऱ्या भजनकऱ्याच्या कानात उरली आहे, ती त्याच्याबरोबर जाते. काटेवाडीच्या रिंगणात मेंढ्या आणणाऱ्या धनगर समाजाच्या ओव्यांबाबत हा धोका जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर (1934-1992) यांनी ओळखला होता. महाराष्ट्रातील वाड्या-वस्त्यांवर हिंडून त्यांनी धनगरी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. ध्वनिमुद्रणात शब्दांबरोबर गाणाऱ्याचा सूर आणि लयही टिकते. आज ध्वनिमुद्रण करणारा मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. त्यामुळे चाल जपणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही.

तथापि, मोबाइलमध्ये साठवलेली चाल अजून जिवंत नसते; ती कोणाच्या तरी गळ्यात उतरावी लागते. एकीकडे चित्रपटगीतांच्या चालींवर बेतलेले अभंग ध्वनिवर्धकांवरून घुमत आहेत, तर दुसरीकडे गावातील तरुण नोकरीसाठी शहराकडे जात आहेत. अशा वेळी संगीत शिकलेल्या शहरी मंडळींची एक विशेष जबाबदारी ठरते. लिपी, पट्टी आणि तालाचे हिशेब त्यांच्यापाशी आहेत. त्यांनी भजनी मंडळाच्या सतरंजीवर शिक्षक म्हणून न बसता टाळकरी म्हणून बसावे. चाल आधी गळ्यात घ्यावी, मग कागदावर उतरवावी आणि ती कोणत्या गावची, कोणाकडून मिळाली हेही लिहून ठेवावे.

काटेवाडीचे रिंगण फार वेळ चालत नाही. मेंढ्या फेऱ्या पूर्ण करतात, पायघड्या गोळा होतात आणि पालखी सणसरच्या वाटेला लागते. टाळांचा आवाज दूर जाईपर्यंत गावातली पोरे दिंडीच्या कडेने चालत असतात. एखाद्याच्या हातात टाळ असतो, दुसरा नुसत्याच टाळ्या वाजवत असतो. ठेका काय, मात्रा किती, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. तरी टाळी जागेवर पडते. शिकलेल्या वादकाला दिंडीत शिरायचे असेल, तर त्याची जागा आधी त्या पोरांच्या शेजारी आहे.