विश्लेषण : चरबी घटवण्यासाठी थायरॉइडच्या गोळ्या का घातक?

स्पर्धेआधी शरीर ‘कट’ दिसावे म्हणून काही शरीरसौष्ठवपटू थायरॉइडचा आजार नसतानाही ‘टी-३’ म्हणजे लायोथायरोनिनच्या गोळ्या घेतात. या संप्रेरकामुळे चयापचयाचा वेग वाढतो आणि वजन घटते, हे खरे. मात्र, जादा मात्रेत चरबीबरोबर स्नायूंतील प्रथिनेही मोडतात. आहार कमी असेल तर कमावलेले शरीरच झडते.

हृदयावर परिणाम काय?
ठोके वाढतात, हात थरथरतात, झोप उडते. हृदयाची लयही बिघडू शकते. सोबत क्लेनब्युटेरॉलसारखे उत्तेजक घेतल्यास धोका आणखी वाढतो. दीर्घकाळच्या अतिवापराने हाडे ठिसूळ होतात.

गोळ्या थांबवल्यावर?
बाहेरून संप्रेरक मिळाले की पियुषिका ग्रंथी ‘टीएसएच’ कमी करते आणि थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावते. ते पूर्ववत होण्यास काही आठवडे लागू शकतात. त्या काळात थकवा येतो, वजन पुन्हा वाढू शकते.

इशारा कोणता?
अमेरिकेत थायरॉइड संप्रेरकांच्या माहितीपत्रकांवर चौकटीत बजावलेले असते : वजन घटवण्यासाठी वापरू नये, मोठी मात्रा जिवावर बेतू शकते. थायरॉइडच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करू नये.