आधी कोणती झडप उघडावी?

घरातल्या प्रेशर कुकरला दाब सोडण्याच्या दोन वाटा असतात. दाब वाढला की प्रथम शिट्टी होते. शिट्टीचे छिद्र बुजले, तरच झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून वाफेला वाट देतो. कोणती वाट आधी उघडावी, हा क्रम येथे ठरलेला असतो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रातील अवाढव्य बॉयलरलाही असाच क्रम पाळावा लागतो. मात्र तेथे तो चुकल्यास होणारी हानी कितीतरी मोठी असते.

1980च्या दशकात सुरू झालेल्या या केंद्रात 210 आणि 500 मेगावॉटचे संच उभे राहिले. अशा संचात कोळशाच्या आचेवर तयार झालेली वाफ प्रथम ड्रममध्ये जमते. तेथून ती सुपरहीटरच्या नळ्यांतून सुमारे 540 अंश सेल्सिअसपर्यंत तापून टर्बाइनकडे जाते. ड्रम आणि सुपरहीटर एकमेकांना जोडलेले असून दोहोंवर स्वतंत्र सुरक्षा झडपा असतात. स्प्रिंग जितकी आवळावी तितक्या जास्त दाबाला झडप उघडते. पण ती नेमकी किती आवळावी?

टर्बाइन अचानक बंद पडले की वाफेची वाट खुंटते. भट्टी मात्र क्षणात विझत नाही. अशा वेळी ड्रमवरील झडप आधी उघडली, तर वाफ तेथूनच बाहेर पडेल आणि सुपरहीटरच्या नळ्यांतील प्रवाह मंदावेल. या नळ्यांना थंड ठेवणारी गोष्ट म्हणजे त्यांतून वाहणारी वाफच. ती थांबली की धातू तापून मऊ पडतो आणि नळी फाटते. म्हणून सुपरहीटरच्या शेवटी असलेली झडप आधी उघडणे आवश्यक असते. तसे झाले तर वाफ नळ्यांतून वाहत राहते. त्यानंतरही दाब वाढलाच, तर ड्रमवरील झडपा एकामागून एक उघडतात.

हे साधण्यासाठी प्रवासात होणारी दाबाची घटही हिशेबात धरावी लागते. समजा, ड्रमवरील पहिली झडप दर चौरस सेंटिमीटरला 160 किलोला उघडते आणि नळ्यांतून जाताना दाब 10 किलोने घटतो. मग सुपरहीटरची झडप 150च्या खालीच लावली पाहिजे. ती 155ला लावली, तर आकडा ड्रमपेक्षा लहान असूनही ती मागाहून उघडेल.

जोडलेल्या पात्रांचा दुसरा प्रश्न बल्लारपूरच्या कागदनिर्मितीत दिसतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील बांबूने या उद्योगाला दीर्घकाळ कच्चा माल पुरवला. लगद्यासाठी बांबूचे तुकडे कॉस्टिकयुक्त द्रावणात सुमारे 170 अंशांवर शिजवले जातात. त्या पात्राला, म्हणजे डायजेस्टरला, साधारण 7 किलो दाब पुरतो. बॉयलरचा दाब त्याहून पुष्कळ जास्त असतो. मधली दाब कमी करणारी यंत्रणा बिघडली, तर सारा भार डायजेस्टरवर येतो. त्यामुळे तेथील झडप बॉयलरच्या नव्हे, डायजेस्टरच्या सहनशक्तीनुसार लावावी लागते. क्षाराने पात्राचा पत्रा झिजला आणि परवानगीचा दाब घटवला गेला, तर झडपेचा आकडाही खाली आणावा लागतो. दोन पात्रांच्या मध्ये बंद करता येणारी झडप असेल, तर एकाची सुरक्षा झडप दुसऱ्याला वाचवू शकत नाही. प्रत्येकाला स्वतःची लागते.

झडप वारंवार उघडून वाफ वाया जाऊ लागली की स्प्रिंग थोडी आवळण्याचा मोह होतो. तपासणीनंतर झडपेला सील ठोकण्यामागचे कारण हेच. बॉयलर आणि सुरक्षा झडप यांच्यामध्ये बंद करता येईल अशी कोणतीही झडप बसवण्यास भारतीय बॉयलर नियमांत मनाई आहे, तीही याच मोहापायी. एका झडपेचा आकडा बदलला की साऱ्या यंत्रणेचा क्रम बदलतो. वाया गेलेली वाफ पुन्हा तयार करता येते. फाटलेल्या नळीजवळ उभ्या असलेल्या कामगाराला मात्र दुसरी संधी मिळत नाही.