पोथीच्या पानामागची नियत

आषाढी एकादशीस आम्ही पणजोबांची हस्तलिखित पोथी देव्हाऱ्यासमोर उघडतो. तिचा कागद जुन्नरी. तो घडविणारे जुन्नरचे ‘कागदी’ मुसलमान. पन्नास वर्षे आम्ही त्या पोथीस वंदन केले; पण तो कारागीर कोणाचे नाव घेत असेल, हा विचार मनास शिवला नाही, याची लाज वाटते. लगद्याचे हात धुऊन, वजू करून तो नमाजास उभा राही. आरंभी मनात ‘नियत’ करी. वाचकहो, पूजेपूर्वी आपण संकल्प करतो, त्याहून हे निराळे काय? २९ जून २०२३ रोजी आषाढी व बकरी ईद एकाच दिवशी आल्या, तेव्हा महाराष्ट्रात अनेक गावांतील मुसलमानांनी त्या दिवशीची कुर्बानी पुढे ढकलली. तीही नियतच! यंदा पोथीस हात जोडताना त्या अनाम कारागिराचेही स्मरण करू.