पिवळा उंदीर, तपकिरी उंदीर

दोस्तांनो, एक कोडं सोडवा बरं! एकाच आईची दोन पिल्लं. दोघांची जनुकं अगदी सारखी. तरी एक पिवळंधमक आणि मोठेपणी लठ्ठ, तर दुसरं तपकिरी आणि सडपातळ. असं कसं?

प्रयोगशाळेतल्या या खास उंदरांमध्ये ‘अगूटी’ नावाचं एक जनुक असतं. ते सतत चालू राहिलं, की केस पिवळे होतात, भूक आवरत नाही, वजन वाढत जातं आणि मधुमेहाचा धोकाही वाढतो. ते गप्प राहिलं, की उंदीर तपकिरी आणि सडपातळ!

पण जनुकाला गप्प कोण बसवतं? मिथाइल गट! एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अशी ही अणूंची इवलीशी चौकडी. दिव्याचं बटण कुणी दाबू नये म्हणून आपण त्यावर चिकटपट्टी लावतो ना, तसे हे गट डीएनएला चिकटतात. आईच्या पोटात गर्भ अगदी लहान असतो, तेव्हा यातल्या बऱ्याचशा पट्ट्या नव्यानं लागतात. कुणाला जास्त, कुणाला कमी. म्हणून ती दोन पिल्लं वेगळी!

आता या गोष्टीत येतो खलनायक, बिस्फेनॉल ए, म्हणजेच बीपीए. काही कडक प्लास्टिकमध्ये आणि खाद्यपदार्थांच्या डब्यांच्या आतल्या लेपात हे रसायन वापरलं जात आलं आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डेना डोलिनॉय, रँडी जर्टल आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या माद्यांना बीपीए मिसळलेला आहार दिला. त्यांच्या पिल्लांच्या डीएनएवर पट्ट्या कमी लागल्या आणि पिवळ्या पिल्लांचं प्रमाण वाढलं.

मग त्यांनी दुसऱ्या माद्यांना बीपीए दिलंच, पण सोबत फॉलिक आम्ल, बी-१२ जीवनसत्त्व, कोलीन आणि बीटेन हेही दिलं. आणि काय आश्चर्य! पिल्लांमध्ये पुन्हा तपकिरी रंग वाढला. कारण हे चारही पदार्थ शरीराला मिथाइल गट पुरवायला मदत करतात. पट्ट्यांचा साठा भरपूर, त्यामुळे बीपीएचा परिणाम पुसला गेला. हा शोध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

पण हे झालं उंदरांचं. माणसांचं काय? माणसांमध्ये बीपीएवर हाच उतारा चालतो, असं या प्रयोगावरून म्हणता येत नाही. मात्र फॉलिक आम्ल आपल्या गर्भाला दुसऱ्या एका संकटातून वाचवतं, हे पक्कं ठाऊक आहे. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद व्हावी लागते. ती उघडी राहिली तर बाळात गंभीर व्यंग येतं. गरोदरपणाच्या आधीपासूनच फॉलिक आम्ल घेतलं तर हा धोका खूप कमी होतो, हे १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या अभ्यासानं दाखवून दिलं.

फॉलिक आम्ल या जीवनसत्त्वाच्या शोधाचा एक धागा तर आपल्या मुंबईत सापडतो! १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या रक्तक्षयावर यीस्टचा अर्क गुणकारी ठरतो, हे त्यांनी शोधलं. त्या अर्कातली करामत होती फॉलिक आम्लाच्या कुटुंबाची!

म्हणजे जीवनसत्त्वं जितकी जास्त तितकी चांगली का? मुळीच नाही! ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा अतिरेक उलट गर्भालाच इजा करतो. म्हणून गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायच्या. आणि घातक रसायन दूर ठेवणं हा पहिला उपाय. २०११ मध्ये युरोपीय संघानं बाळांच्या दुधाच्या बाटल्यांमध्ये बीपीए वापरायला बंदी घातली, ती याच काळजीपोटी.

तुमच्या शाळेत गुलाबी किंवा निळी गोळी देतात ना? तिच्यात लोहासोबत फॉलिक आम्लही असतं. पालक, चवळी, हरभरा यांतही ते असतं, पण ते पाण्यात उतरतं. तेव्हा आईबाबांना सांगा, भाजी उकळून पाणी ओतून देऊ नका. आणि तुम्ही? ताटातली पालेभाजी नाक न मुरडता संपवा!