शंभर वर्षांचा पूर

२०१९ सालच्या महापुरानंतर कोल्हापूरचे माझे एक स्नेही घरातला चिखल उपसता उपसता म्हणाले, "कविराज, शंभर वर्षांचा पूर येऊन गेला. आता नातवंडांनाही घोर नाही." २०२१च्या जुलैत पंचगंगा पुन्हा त्यांच्या घरात शिरली. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट. दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेले.

स्नेह्यांना त्या शब्दांनी फसवले. पात्रातल्या पाण्याची रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे प्रवाह. सेकंदाला एक घनफूट म्हणजे एक क्युसेक. दर वर्षीचा सर्वांत मोठा प्रवाह असा नोंदवतात आणि अनेक वर्षांच्या नोंदींवरून पुराची शक्यता काढतात. 'शंभर वर्षांचा पूर' म्हणजे तेवढा किंवा त्याहून मोठा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक. गेल्या वर्षी आला म्हणून यंदा सुटका नाही. काठावर तीस वर्षे राहिलात, तर तो एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात सव्वीस! पाऊसमान बदलले, पूररेषेत भराव पडले, की जुना हिशेबही चुकतो.

स्नेही भिंत रंगवायला निघाले, तेव्हा मी एवढेच म्हणालो, "पाण्याची खूण तेवढी राहू द्या. नातवंडांना ती दिसली पाहिजे."